ऑटिस्टिक स्व-वकिली

आपल्या गरजा, हक्क आणि आयुष्याचे निर्णय यांविषयी ऑटिस्टिक व्यक्तींनी (ऑटिझम म्हणजे संवाद साधण्याची आणि जग जाणवण्याची रीत वेगळी असणारी मेंदूची जन्मजात घडण) स्वतः बोलणे, आणि आपल्या वतीने इतरांनी परस्पर ठरवलेल्या गोष्टींचा जाब विचारणे, याला ऑटिस्टिक स्व-वकिली म्हणतात. ‘सेल्फ-अ‍ॅडव्होकसी’ला काढलेला हा मराठी शब्द तसा अवघडलेलाच आहे, वकिली म्हटले की काळा कोट डोळ्यांपुढे येतो. इथे अशील आणि वकील एकच असतो, आणि बऱ्याचदा आरोपीही तोच. या वकिलीचा थोडा भाग संसदेत आणि न्यायालयात घडला आहे. बाकीचा सगळा वर्गात, डॉक्टरांच्या खोलीत, नोकरीच्या मुलाखतीत आणि नातेवाइकांच्या गोतावळ्यात घडतो. ‘एवढा आवाज सगळ्यांनाच सहन करावा लागतो’ या वाक्याला काय उत्तर द्यायचे, हा तिचा रोजचा खटला. अशा वाक्यामागे जी धारणा असते तिला एबलिझम किंवा सक्षमतावाद म्हणतात: ठरावीक रीतीने चालणारे शरीर आणि मन हेच माप धरायचे, आणि त्यात न बसणाऱ्याला उणा ठरवायचे.

नावाचा प्रश्न

‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात घडवला. ‘स्वतः’ या अर्थाचा ग्रीक शब्द त्याच्या मुळाशी आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांच्या निरीक्षणांवरून आणि हान्स आस्पेर्गर यांनी १९४४ मध्ये व्हिएन्नात तो बालकांच्या एका वेगळ्या घडणीला लावला. मराठीतील ‘स्वमग्नता’ हे त्याच मुळाचे सरळ भाषांतर. पण मराठीत स्वमग्न कोणीही असू शकतो, कवी किंवा पुढारीसुद्धा. शिवाय हा शब्द बघणाऱ्याच्या बाजूने घडला आहे. समोरचा आपल्याकडे पाहत नाही, तेव्हा तो स्वतःतच बुडालेला असणार, असा त्यातला तर्क. त्या माणसाला त्या क्षणी ट्यूबलाइटची गुणगुण, शेजारच्या खोलीतले बोलणे आणि शर्टाच्या कॉलरमागची पट्टी हे सारे एकदम जाणवत असेल, तर तो जगापासून तुटलेला नसून जगच त्याच्यावर कोसळत असते. म्हणून या नोंदीत ‘ऑटिस्टिक’ हाच शब्द वापरला आहे.

‘ऑटिझम असलेली व्यक्ती’ म्हणावे की ‘ऑटिस्टिक व्यक्ती’, हा वादही जुना आहे. यात एक गंमत दडली आहे. ‘आधी माणूस’ ही भाषा रूढ झाली ती बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या चळवळीतून. १९७४ मध्ये अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात त्यांनी ‘पीपल फर्स्ट’ या नावाने परिषद भरवली. मतिमंद म्हणून ओळखले जाण्याआधी आम्हांला माणूस म्हणून ओळखा, हे त्यांचे मागणे होते. पुढे तज्ज्ञांनी ही शब्दयोजना सर्वांना सरसकट लावली, आणि १९९९ मध्ये जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक कार्यकर्त्यांनी तिला हरकत घेतली. ऑटिझम ही काढून खुंटीला टांगता येईल अशी वस्तू नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ब्रिटनमध्ये सुमारे साडेतीन हजार लोकांची मते घेऊन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ऑटिस्टिक प्रौढांचा कल ‘ऑटिस्टिक’ या शब्दाकडे, तर व्यावसायिकांचा कल ‘ऑटिझम असलेली व्यक्ती’कडे दिसला. दोन्ही चळवळींची मागणी मुळात एकच होती: आमचे नाव आम्ही ठरवू.

पालकांपासून स्वतःपर्यंत

ऑटिझमविषयी पहिली संघटित वकिली पालकांनी केली, आणि तिला सबळ कारण होते. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, हे मत १९५० आणि १९६० च्या दशकांत प्रतिष्ठित मानले जाई. ब्रूनो बेटलहाइम यांनी ते १९६७ मध्ये पुस्तकरूपाने मांडले. स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी त्याआधीच, १९६४ मध्ये, त्याचे खंडन केले होते. ज्यांच्यावर दोष ठेवला गेला त्या पालकांनी संस्था उभ्या केल्या, शाळा मिळवल्या. ब्रिटनमधील अशाच संस्थेने १९६३ मध्ये कोड्याचा तुकडा हे बोधचिन्ह घेतले. हळूहळू पालकांचा आवाज म्हणजेच ऑटिझमचा आवाज असे समीकरण झाले. ती मुले मोठी झाली तेव्हा परिषदांत त्यांना खुर्ची मिळाली, पण बहुधा आपली कहाणी सांगण्यापुरती. कोड्याच्या तुकड्याऐवजी आज पुष्कळ ऑटिस्टिक लोक अनंताचे (∞) चिन्ह किंवा सोनेरी रंग वापरतात. सोन्याच्या रासायनिक संज्ञेत ‘ऑटिझम’ची पहिली दोन रोमन अक्षरे येतात.

१९९२ मध्ये जिम सिंक्लेअर, डॉना विल्यम्स आणि कॅथी लिसनर ग्रँट यांनी ‘ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल’ सुरू केले. ऑटिस्टिक लोकांनी ऑटिस्टिक लोकांसाठी चालवलेली ही पहिल्या संस्थांपैकी एक. सिंक्लेअर यांचा १९९३ चा एक छोटा लेख पालकांना उद्देशून आहे, आणि चळवळीत तो आजही वाचला जातो. त्याचा गाभा असा: तुम्ही शोक करता तो जन्मालाच न आलेल्या, मनात रंगवलेल्या मुलाचा. तो शोक खरा आहे, पण समोर जे मूल आहे त्याचा त्यात दोष नाही, आणि त्याला तो ऐकवू नका.

याच संस्थेने १९९६ पासून ‘ऑट्रीट’ नावाचे निवासी मेळावे भरवले. तिथे तीव्र अत्तरे वर्ज्य, मन थाऱ्यावर आणण्यासाठी हात हलवण्यावर कोणाची नजर नाही, व्याख्यानाला यायची सक्ती नाही. तिथल्या रंगीत पट्ट्यांची पद्धत पुढे इतरत्र पसरली. लाल पट्टी म्हणजे माझ्याशी बोलू नका. पिवळी म्हणजे ओळखीच्यांनीच बोला. हिरवीचा अर्थ मात्र नवख्याला चकवतो. मी बोलका आहे असा तो अर्थ नाही. मला बोलायचे आहे पण सुरुवात जमत नाही, तेव्हा तुम्हीच या, असा आहे. ‘ऑटिस्टिक माणसाला माणसे नकोत’ हा समज त्या एका पट्टीने जेवढा खोडला तेवढा अनेक प्रबंधांनी खोडला नसेल.

या मंडळींना विनोद कळत नाही असे पाठ्यपुस्तके सांगत असतानाच १९९८ मध्ये एका ऑटिस्टिक कार्यकर्तीने ‘न्यूरोटिपिकल’, म्हणजे ज्यांचा मेंदू ‘सामान्य’ मानला जातो अशा, लोकांच्या अभ्यासाची एक काल्पनिक संस्था काढली. श्रेष्ठत्वाचा भ्रम आणि इतरांसारखे असण्याचा ध्यास ही या ‘विकारा’ची लक्षणे तिने वैद्यकीय थाटात नोंदवली. ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ किंवा मेंदूवैविध्य, म्हणजे मेंदूंची घडण निरनिराळी असणे स्वाभाविकच आहे, ही संज्ञाही याच काळातली. तिचे श्रेय बहुधा ऑस्ट्रेलियाच्या ज्यूडी सिंगर यांच्या १९९८ च्या प्रबंधाला दिले जाते. ही कल्पना एकट्या व्यक्तीची नसून ऑटिस्टिक लोकांच्या आपसांतल्या चर्चेतून घडली, असे काही अभ्यासकांनी २०२४ मध्ये पुराव्यानिशी मांडले.

२००६ मध्ये एरी नेमन आणि स्कॉट रॉबर्टसन यांनी ‘ऑटिस्टिक सेल्फ अ‍ॅडव्होकसी नेटवर्क’ स्थापन केले आणि चळवळ धोरणाच्या मैदानात उतरली. डिसेंबर २००७ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या बालमानस केंद्राने खंडणीच्या चिठ्ठीच्या रूपात जाहिराती लावल्या होत्या: तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे, खाली सही ‘ऑटिझम’. अपंगांच्या अनेक संघटनांनी मिळून विरोध केला, आणि त्याच महिन्यात मोहीम मागे घ्यावी लागली. २००९ मध्ये ‘ऑटिझम स्पीक्स’ या बड्या संस्थेने ऑटिझमला संसार उद्ध्वस्त करणाऱ्या राक्षसाचा आवाज देणारी चित्रफीत काढली. तिच्यावरही टीकेची झोड उठली. ऑटिझम बरा करण्याचे उद्दिष्ट या संस्थेने २०१६ मध्ये आपल्या ध्येयातून वगळले. ब्रिटनमध्ये दहा हजार लोकांचे डीएनए गोळा करण्याचा ‘स्पेक्ट्रम १०के’ हा प्रकल्प ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाला आणि पुढच्याच महिन्यात थांबवावा लागला. या माहितीचा पुढे गर्भचाचणीसाठी उपयोग होणार नाही कशावरून, हा ऑटिस्टिक लोकांचा सवाल होता.

एक लढा मात्र रेंगाळला. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील जज रोटेनबर्ग सेंटर या निवासी संस्थेत अपंग व्यक्तींच्या वर्तनावर विजेच्या झटक्यांचा ‘उपचार’ केला जाई. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये या उपकरणांवर बंदी घातली, २०२१ मध्ये न्यायालयाने अधिकारकक्षेच्या मुद्द्यावर ती रद्द केली, आणि २०२२ च्या अखेरीस अमेरिकी काँग्रेसने कायदा बदलून प्रशासनाला तो अधिकार दिला. हात हलवणारे मूल आणि झटके देणारा प्रौढ यांत उपचाराची गरज कोणाला, हा प्रश्न या दोन वर्षांत न्यायालयापुढे आलाच नाही.

रोजचा सक्षमतावाद

बंदी, खटले यांपेक्षा चिवट असते ती रोजची भाषा. लंगडी सबब, आंधळा कारभार, बहिरे सरकार हे शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत सहज येतात. कोणाचे अवगुण सांगायचे तर कोणाच्या तरी अपंगत्वाची उपमा हाताशी असतेच. त्या रांगेत आता ‘ऑटिस्टिक’ हाही शब्द शिवी म्हणून येऊन बसला आहे.

त्याहून अवघड असते ते कौतुक. ‘तू ऑटिस्टिक वाटत नाहीस’ हे वाक्य बोलणारा बहुतेक वेळा प्रेमानेच बोलतो. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की आता मदत मागू नकोस. याचीच दुसरी बाजू म्हणजे ‘थोडेफार सगळेच ऑटिस्टिक असतात’. ऑटिस्टिक माणूस स्वतःबद्दल बोलू लागला की इकडे आड, तिकडे विहीर. बोलता येते, म्हणजे तुझा ऑटिझम सौम्य, खऱ्या त्रासाबद्दल तू काय सांगणार? बोलता येत नाही, म्हणजे तुला काही कळत नाही, तुझ्या वतीने आम्ही बोलू. ‘हाय फंक्शनिंग’ आणि ‘लो फंक्शनिंग’ ही लेबले चळवळीला नकोत ती यासाठी. पहिल्याने गरज नाकारली जाते, दुसऱ्याने मत.

दिसण्यावर एवढा भर का, याचे एक मूळ उपचारपद्धतीत आहे. ओले इव्हार लोव्हास यांनी १९८७ मध्ये वर्तनोपचाराचा प्रभावी अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला चाळीस तासांच्या शिकवणीनंतर १९ पैकी ९ मुले सामान्य शाळेत इतरांसारखी वावरू लागली, असा त्याचा दावा होता. इतरांतून वेगळे ओळखू न येणे हे यश मानले गेले. मग डोळ्याला डोळा भिडवण्याचा सराव, हात मांडीवर गप्प ठेवण्याचा सराव. पुष्कळ ऑटिस्टिक प्रौढ सांगतात की समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचे किंवा तो काय म्हणतो ते ऐकायचे, दोन्ही एका वेळी होत नाही. हात हलवल्याने मन थाऱ्यावर येते. ही सारी हालचाल दाबून दिवसभर ‘नॉर्मल’ वठवण्याला मास्किंग म्हणतात. त्याची किंमत ऑटिस्टिक संशोधक डोरा रेमेकर यांच्या गटाने २०२० मध्ये ‘ऑटिस्टिक बर्नआउट’ या नावाने नोंदवली: दीर्घकाळचा थकवा, आधी जमणारी कामे न जमणे, आवाज-उजेड सोसेनासे होणे.

प्रतिकार म्हणून जे केले जाते ते बाहेरून अगदीच किरकोळ दिसते. तोंडी सूचनांऐवजी लेखी सूचना मागणे. बैठकीचे विषय आधी मागणे. फोनऐवजी संदेश पाठवा म्हणणे. मिठीला नाही म्हणणे. डॉक्टरांनी सोबतच्या माणसाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर स्वतः देणे. यांतले काहीही सवलत नव्हे, असे चळवळ म्हणते. सवलत मर्जीने मिळते. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारानुसार वाजवी फेरबदल नाकारणे हा भेदभाव आहे. कागदावर हे स्वच्छ आहे. प्रत्यक्षात मागणारा हट्टी ठरतो, आणि सरळ शब्दांत मागितले तर उद्धट. आडवळणाने, समोरच्याचा मूड पाहून, हसतमुखाने मागायचे कौशल्य ज्याच्यात नाही असे निदानपत्रात लिहिलेले असते, त्याच्याकडूनच नेमकी त्या कौशल्याची अपेक्षा केली जाते.

ही गैरसमजूत एकतर्फी नसते, असे ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये ‘दुहेरी सहानुभूतीची समस्या’ या नावाने मांडले. ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत तितकेच इतरांना तो कळत नाही. कमतरता मात्र एकाच्याच खात्यावर पडते. कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये कानगोष्टींच्या खेळासारखा प्रयोग केला. आठ-आठ जणांच्या साखळीतून एक गोष्ट पुढे सांगत न्यायची. फक्त ऑटिस्टिक लोकांच्या साखळीत ती जितकी टिकली तितकीच फक्त बिगर-ऑटिस्टिकांच्या साखळीतही टिकली. मिश्र साखळीत तिची अधिक गळती झाली.

चळवळीतले वाद

चोवीस तास आधार लागणाऱ्या मुलांचे काही पालक विचारतात की अस्खलित बोलणारे हे कार्यकर्ते आमच्या मुलाचे प्रतिनिधी कसे? २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने अशा व्यक्तींसाठी ‘प्रोफाउंड ऑटिझम’ ही वेगळी संज्ञा सुचवली, तेव्हा स्व-वकिलांनी तिला विरोध केला. पालकांच्या प्रश्नात तथ्य आहे. चळवळीत बोलणाऱ्यांचा, शिकलेल्यांचा आणि गोऱ्यांचा वरचष्मा राहिला, हे तिच्यातल्याच लोकांनी सांगितले आहे. पण न बोलणारे लोक चळवळीत नव्हतेच, हेही खरे नाही. मेल बॅग्ज यांनी २००७ मध्ये स्वतः बनवलेल्या चित्रफितीत आधी काही मिनिटे फक्त त्यांचे गुणगुणणे आणि वस्तूंना स्पर्श करणे दिसते. मग टंकलेखन केलेला मजकूर बोलून दाखवणाऱ्या यंत्राच्या आवाजात त्या ‘भाषे’चा खुलासा येतो.

इथे एक खबरदारी लागते. दुसऱ्याने हात धरून टंकलेखन करवण्याच्या ‘फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन’ या पद्धतीत शब्द बहुधा हात धरणाऱ्याचेच असतात, असे नियंत्रित चाचण्यांत वारंवार दिसले. स्वतंत्रपणे टंकलेखन करणारे, चित्रफलक किंवा बोलके उपकरण वापरणारे लोक वेगळे. त्यांचीही तक्रार आहेच: उपकरणातले शब्द सहसा उपचारक आणि पालक निवडतात. ‘पाणी हवे’, ‘शौचाला जायचे’, ‘धन्यवाद’ यांची चित्रे पहिल्याच पानावर असतात. ‘थांबा’, ‘हात लावू नका’, ‘हे खोटे आहे’ यांची चित्रे अनेकदा कोणी घातलेलीच नसतात.