एक सेल, एक बल्ब आणि वीतभर वायर

चौथीच्या वर्गात चार-चार पोरांचे गट करायचे, प्रत्येक गटाला एक पेन्सिल सेल, टॉर्चमधला छोटा बल्ब आणि वीतभर वायर द्यायची, वायरची टोकं आधीच सोलून ठेवायची (नाहीतर पोरं दातानी सोलतात) आणि एवढंच म्हणायचं, हा बल्ब पेटवून दाखवा. होल्डर नाही, स्विच नाही, फळ्यावर आकृती नाही. आणि मग आपण गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड.

मी सुरुवातीची दोन वर्षं गप्प बसलेच नाही. आधी फळ्यावर विद्युत परिपथाची, म्हणजे सर्किटची छान आकृती काढायचे, पोरं ती वहीत उतरवायची, पेपरात पण अगदी तशीच काढायची, बाणांसकट. मग एकदा त्याच पोरांच्या हातात सेल आणि बल्ब दिला तर एकालाही पटकन पेटवता आला नाही, आणि त्या दिवशी मला कळलं की आकृती वहीत गेली होती, डोक्यात नाही.

आता न सांगता दिलं की बहुतेक गट आधी एकच गोष्ट करतात. बल्बचं बूड सेलच्या टोपीवर टेकवतात आणि वाट बघतात. काही होत नाही. मग वायरचं एक टोक सेलला, दुसरं बल्बला, तरी काही नाही. यात पोरांचं चुकतंय असं मला वाटत नाही, घरात छतावरून बल्बपर्यंत एकच जाड केबल खाली आलेली दिसते, तिच्या आत दोन वायरी आहेत हे कोणाला दिसतंय? मग "बाई, सेल संपलाय" अशी तक्रार येते, मी म्हणते बाजूच्या गटाचा लावून बघा. तो लावूनही पेटत नाही म्हणजे गडबड सेलमध्ये नाहीये, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची ही शास्त्रज्ञांची सवय पोरांना इथेच लागते.

एखादा पोरगा वायरची दोन्ही टोकं थेट सेलच्या दोन टोकांना लावतो आणि दोन सेकंदात ओरडतो, "ओ बाई, तापली!" हे पण छानच. मधे बल्बची बारीक तार नाही, अडवणारं कोणी नाही, म्हणून वीज भसकन वाहते, वायर तापते आणि सेल उतरतो. घरी शॉर्ट सर्किट झालं की एमसीबी (वीज आपोआप तोडणारा स्विच) पडतो तो याच कारणाने, फक्त तिथे 230 व्होल्ट असतात आणि इथे दीड. म्हणून पहिला नियम मी रोज सांगते: भिंतीवरच्या प्लगला हात लावायचा नाही, कधीच नाही.

आणि मग कुठल्यातरी कोपऱ्यात बल्ब लागतो. तो पिवळा मिणमिणता उजेड बघून अख्खा वर्ग त्या बाकावर पडतो. पेटलाच कसा, यासाठी बल्बकडेच बघावं लागतं. काचेच्या आत दोन काड्यांवर टंगस्टनची केसासारखी तार ताणलेली असते, तिचं एक टोक बल्बच्या बुडाशी असलेल्या ठिपक्याला जोडलेलं आणि दुसरं बाजूच्या धातूच्या टोपणाला. म्हणजे विजेला एका दाराने आत यायचं आणि दुसऱ्याने बाहेर पडायचं असतं, एकच दार उघडं ठेवलं तर ती वाहतच नाही. वाहिली की तार तापून पांढरी होते, पण टंगस्टन वितळायला 3400 अंशांच्या वर तापमान लागतं, म्हणून ती टिकते. एकदा पेटला की मी विचारते, अजून वेगळ्या पद्धतीने पेटेल का? या तीन वस्तूंत एकूण चार पद्धती निघतात, ठिपका सेलच्या अधिक टोकाला किंवा उणे टोकाला, तसंच बाजूचं टोपण अधिकला किंवा उणेला, आणि उरलेल्या दोन जागा वायरने जोडायच्या. ज्या पोरांनी चारही शोधल्या त्यांना परिपथ म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

हल्ली अडचण अशी की हे बल्ब दुकानात सहज मिळत नाहीत, सगळीकडे एलईडी. मग माळेतला जुना पांढरा एलईडी वापरते, पण तो एका सेलवर पेटत नाही, त्याला साधारण 3 व्होल्ट लागतात म्हणजे दोन सेल एकापुढे एक, आणि उलटा लावला तरी पेटत नाही कारण तो वीज एकाच दिशेने जाऊ देतो. पहिल्या दिवशी मात्र जुना बल्बच बरा. त्याच्या पोटात काय आहे ते डोळ्याला दिसतं.

हे माझं काही नवीन नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली 16 शाळांमध्ये सहावी ते आठवीच्या पोरांसाठी असाच कार्यक्रम सुरू झाला होता, गटात बसून स्वतः प्रयोग करायचे, परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची मुभा, आणि प्रयोगाचीही परीक्षा. पोरं सवालीराम नावाच्या काल्पनिक माणसाला पत्र लिहून प्रश्न विचारायची! 2002 मध्ये सरकारने तो बंद केला याचं मला आजही वाईट वाटतं. याच कामात 1978 ला अरविंद गुप्ता नावाचे इंजिनिअर गेले आणि त्यांनी काड्यापेटीच्या काड्या नि सायकलची व्हॉल्वट्यूब (बारीक रबरी नळी) जोडून खेळणी बनवली, पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षं पोरांसोबत बसून तेच केलं. महागडं किट लागतं असं म्हणणाऱ्यांना मी या काड्या दाखवते. काड्यांचा त्रिकोण ओढला तरी हलत नाही आणि चौकोन लगेच तिरका होतो, पूल आणि छपराच्या कैच्या त्रिकोणी का असतात ते पोरांच्या बोटांनाच कळतं.

बल्बच्या तासानंतर दुसऱ्या दिवशी एक मुलगी घरचा उडालेला मोठा बल्ब रुमालात गुंडाळून घेऊन आली. म्हणाली, बाई, याच्या बुडाशी दोन ठिपके आहेत, आपल्या छोट्याला एकच होता. मी विचारलं, मग छोट्याचा दुसरा कुठे गेला? तिने छोटा बल्ब उचलला, उजेडात धरून हळूहळू फिरवला आणि बाजूच्या टोपणावर बोट ठेवलं.