साऱ्यासाठी लिहिलं, घराण्याला सापडलं

कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि तहसील कचेऱ्यांतले जुने बस्ते सुटू लागले. शोध कुणबी जातीच्या दाखल्याचा होता, पण त्यानिमित्ताने खापरपणजोबांचं नाव काय, हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला. हे कागद कुणाच्या घराण्याची आठवण म्हणून ठेवलेले नाहीत. ते साऱ्यासाठी, म्हणजे जमिनीच्या करासाठी लिहिले गेले, आणि त्यांत कोण सापडतं, कोण नाही, हे बरंचसं त्यावरूनच ठरतं.

1818 मध्ये पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारला शेताशेताचा सारा ठरवायचा होता. प्रिंगल या कंपनीच्या अधिकाऱ्याची पहिली पाहणी फसली. मग 1830 च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून मोजणी नव्याने सुरू केली. रयतवारीत सारा थेट शेतकऱ्याकडून घ्यायचा, म्हणून प्रत्येक सर्व्हे नंबरापुढे खातेदार आला. जुन्या पत्रकांत ही नावं मोडी लिपीत असतात. पुरुषाच्या नावापुढे ‘बिन’ लावून बापाचं नाव, बाईच्या नावापुढे ‘कोम’ लावून नवऱ्याचं. आडनाव पुष्कळदा नसतंच. त्यामुळे आधी गाव आणि सर्व्हे नंबर पक्का करावा, आडनावाच्या मागे नंतर लागावं. मराठवाड्यात 1948 पर्यंत निजामाचा अंमल होता. तिथे उर्दू वाचणारा माणूस गाठावा लागतो.

माझ्या मते खरा खजिना 1903 च्या हक्कनोंदीच्या कायद्यानंतरचा आहे. सारा कोण भरतो एवढ्यावर तोवर भागत होतं. आता जमिनीत कोणाचा काय हक्क आणि तो कशाने बदलला, हेही लिहिणं भाग पडलं. त्यातून फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी आल्या. खातेदार मयत झाला की वारस लागतात: मुलगे, विधवा, अज्ञान मुलांचा पालक, कधी भाऊबंदांची तक्रार आणि तिच्यावर अधिकाऱ्याचा शेरा. चार ओळींत अख्खं घर उभं राहतं. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ असेल तर धाकटे भाऊ त्या एका नावाआड आहेत, हे लक्षात ठेवावं. जुन्या फेरफारांत लेकी सहसा नसतात. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर त्यांची नावं येतात, आणि बरेचदा पाठोपाठ हक्कसोडीचा फेरफारही.

ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती, त्यांचं काय? त्यांच्यासाठी गाव नमुना 14 म्हणजे गावचं जन्म-मृत्यू रजिस्टर आहे, विदर्भात कोतवालबुक. त्यात सालदार, मजूर, बलुतेदार सगळे भेटतात. बाळाचं नाव अनेकदा नसतं, बापाचं नाव, जात आणि ‘मुलगी झाली’ एवढंच. तरी त्या मुलीची कागदावरची ही एकमेव खूण असू शकते. स्कॅनिंगसाठी बस्ते निवडताना सातबाऱ्याच्याही आधी ही रजिस्टरं घ्यायला हवीत, कारण जमिनीचा दुवा दुसऱ्या कागदांतून जुळवता येतो, या माणसांचा नाही.