लुफ्तवाफेच्या ऑफिसरांचे कोट ओळखणं एवढं अवघड का झालं

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन वस्तू जमवणाऱ्या मंडळींचं आपापसात कशावरही एकमत होत नाही, पण एक गोष्ट सगळे मान्य करतात: लुफ्तवाफेच्या, म्हणजे नाझी जर्मनीच्या हवाई दलाच्या, साध्या सैनिकाचा कोट खरा की नकली हे ओळखणं त्यामानाने सोपं आणि ऑफिसरचा कोट म्हणजे डोक्याला ताप. ऐकायला उलटं वाटतं, कारण ऑफिसरचा कपडा भारी, काम बारीक, मग तो पटकन कळायला हवा ना? पण साध्या सैनिकाचा कोट सरकारी गोदामातून यायचा, आत अस्तरावर शाईचा शिक्का, त्यात एल.बी.ए. ही कपडे खात्याची अक्षरं, वर्षाचे दोन आकडे, खाली छाती-कॉलर-बाहीची मापं, सगळं छापलेलं. ऑफिसर मात्र कपडे भत्ता घ्यायचा आणि स्वतःच्या शिंप्याकडे जायचा. आपल्याकडे लग्नाचा सूट शिवतात तसंच, कापड निवडा, माप द्या, खिसा असा हवा, खांदा तसा हवा. शिक्का नाहीच. आणि जिथे शिक्का नाही तिथे नंतर कोणीही काहीही घुसवायला मोकळा.

हे समजून घ्यायचं तर गोष्ट पहिल्या महायुद्धापासून धरावी लागते. तेव्हा जर्मन वैमानिकांना स्वतःचा असा वेगळा गणवेशच नव्हता. ऑक्टोबर १९१६ मध्ये लुफ्तश्ट्राइटक्राफ्टे नावाने हवाई दल उभं राहिलं खरं, पण माणसं ज्या रेजिमेंटमधून आली तिचेच कपडे घालून उडायची. रिश्टहोफेन, ज्याला जग रेड बॅरन म्हणून ओळखतं, तो मूळचा घोडदळातला, त्यामुळे त्याच्या फोटोंत उलान रेजिमेंटचा दुहेरी बटणांचा कोट दिसतो. त्याच्या तुकडीचा शेवटचा कमांडर हर्मान गोरिंग, हे नाव पुढे लागणार आहे.

१९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला हवाई दल ठेवायलाच बंदी केली. मग १९३३ मध्ये नाझी सत्तेत आल्यावर मार्चमध्ये डॉइचर लुफ्टश्पोर्टफेरबांड म्हणजे हवाई क्रीडा संघ स्थापन झाला, नाव खेळाचं, काम वैमानिक तयार करण्याचं. आणि या 'खेळाडूंना' निळसर राखाडी गणवेश मिळाला, कॉलरच्या पट्टीवर उडत्या पक्ष्यांची चिन्हं, गळ्यात टाय. म्हणजे पुढे जी लुफ्तवाफे दिसणार होती तिचं कपड्यातलं रूप आधीच तयार होतं, फक्त नाव जाहीर व्हायचं बाकी होतं. ते मार्च १९३५ मध्ये झालं आणि गोरिंग त्या दलाचा प्रमुख झाला. म्हणूनच सुरुवातीचा एखादा कोट हातात आला तर तो संघाचा की लुफ्तवाफेचा हे पहिल्या नजरेत कळत नाही, आणि त्यात भर म्हणून १९३७ मध्ये क्रीडा संघ मोडून त्याजागी एन.एस.एफ.के. नावाची पक्षाची हवाई संघटना आली, तिचाही कपडा निळसर राखाडीच, चिन्ह तेवढं पंख लावलेल्या इकारसचं. विकणारे हे तिन्ही सरसकट 'लुफ्तवाफे' म्हणून टाकतात.

आर्मीच्या कोटाशी तुलना केली तर फरक लगेच दिसतो. आर्मीचा कोट गळ्यापर्यंत बंद, लुफ्तवाफेचा उघड्या कॉलरचा, आत शर्ट आणि टाय. जुन्या प्रशियन ऑफिसरांना हे फारसं रुचलं नसणार असा माझा अंदाज, पण नव्या दलाला नवं, आधुनिक दिसायचंच होतं. सुरुवातीचा चार खिशांचा रोजचा कोट म्हणजे टुखरॉक, १९३८ मध्ये त्याजागी वाफेनरॉक आला. आणि तिसरा, जमवणाऱ्यांचा सगळ्यात लाडका, फ्लीगरब्लुजे. हा आखूड, कंबरेपर्यंतचा, बटणं पट्टीच्या आत लपलेली, कारण कॉकपिटमध्ये पॅराशूटच्या पट्ट्यात काही अडकायला नको. सैनिकांना मिळणाऱ्या ब्लुजेला सुरुवातीला बाहेरून खिसेच नव्हते, ते १९४० मध्ये आले. पण इथे पुन्हा ऑफिसरांचा घोळ. ऑफिसरचा शिंपी नियमाची वाट कशाला बघेल, गिऱ्हाइकाने खिसे मागितले की लावले. त्यामुळे 'खिसे आहेत म्हणजे १९४० नंतरचा' हा नियम सैनिकाच्या ब्लुजेला चालतो, ऑफिसरच्या ब्लुजेला सरळ लावता येत नाही. नवीन माणूस नेमका इथेच फसतो.

सगळे ऑफिसर गल्लीतल्या शिंप्याकडेच जायचे असंही नाही हां. लुफ्तवाफेची स्वतःची क्लायडरकासे होती, म्हणजे ऑफिसरांसाठीचं कपडे खातं, तिथून तयार किंवा मापाने शिवलेला कपडा घेता यायचा आणि आत त्यांचं लेबल लागायचं. खासगी शिंप्याकडचा असेल तर आतल्या खिशात शिंप्याच्या दुकानाचं लेबल, आणि नशीब चांगलं असेल तर त्यावर शाईने लिहिलेलं ऑफिसरचं नाव आणि तारीख. नाव सापडलं की कोटाला माणूस मिळतो, बढत्यांच्या याद्यांमध्ये तो शोधता येतो, तारखेला त्याचा हुद्दा कोटावरच्या हुद्द्याशी जुळतो का ते बघता येतं. नकली माल बनवणाऱ्यांनाही हे माहीत आहे, म्हणून मूळ लेबल एका फाटक्या कोटातून काढून दुसऱ्यात शिवणं हा जुना धंदा आहे. लेबलच्या कडेचा टाका बाकीच्या अस्तराच्या टाक्याशी जुळतो का, लेबलखालचं कापड आजूबाजूपेक्षा कमी विटलेलं आहे का, हे बघायचं ते त्यासाठी.

आता चिन्हं. हुद्दा दोन ठिकाणी, खांद्यावर आणि कॉलरवर. लॉइटनांट, ओबरलॉइटनांट आणि हाउप्टमान या खालच्या तीन ऑफिसरांच्या खांद्यावर चंदेरी दोरीच्या सरळ पट्ट्या, अनुक्रमे शून्य, एक आणि दोन सोनेरी चांदण्या. मेजरपासून ओबर्स्ट म्हणजे कर्नलपर्यंत दोरी गुंफलेली, पुन्हा शून्य, एक, दोन. कॉलरच्या पट्टीवर एक ते तीन पक्षी, खालच्या ऑफिसरांना खाली ओकच्या पानांची छोटी फांदी, मेजरपासून पुढे पक्ष्यांभोवती पूर्ण हार. या पक्ष्यांना जमवणारे 'सीगल' म्हणतात. जनरल लोकांचं बहुतेक सगळं चंदेरीच्या जागी सोनेरी. कॉलरच्या कडेला ऑफिसरांना वळलेली अॅल्युमिनियमची दोरी. टोपीवरही तसंच, सैनिकाच्या टोपीची पायपिंग शाखेच्या रंगाची, ऑफिसरची चंदेरी, त्यामुळे ऑफिसरच्या टोपीवरून त्याची शाखा कळतच नाही. (गोरिंगने स्वतःसाठी वेगळाच कारभार ठेवला होता, जुलै १९४० मध्ये राइक्समार्शल या सगळ्यात वरच्या हुद्द्यावर गेल्यावर कबुतराच्या रंगाचा फिका राखाडी गणवेश, आणि न्यूरेंबर्गच्या खटल्यात तो चिन्हं काढलेला तसलाच फिका कोट घालून बसला होता.)

शाखा कळते ती कॉलरच्या पट्टीच्या आणि खांद्याच्या पट्टीखालच्या कापडाच्या रंगावरून. सोनेरी पिवळा उड्डाण विभागाचा, लाल फ्लाकचा म्हणजे विमानविरोधी तोफांचा, तपकिरी सिग्नलवाल्यांचा, गडद निळा डॉक्टरांचा, पांढरा जनरलांचा. आणि बाजारातली सगळ्यात मोठी गंमत इथेच आहे. फ्लाकमध्ये माणसं प्रचंड होती त्यामुळे लाल पट्टीचे कोट जास्त उरलेत, पण गिऱ्हाइकाला हवा असतो वैमानिक. मग काय, लाल पट्टी उतरवायची, पिवळी चढवायची, छातीवर पायलटचा बिल्ला लावायचा, झाला फायटर पायलट. पिवळा रंग असला म्हणजे तो माणूस उडायचाच असंही नाही, विमानतळावरचे ऑफिसर आणि पॅराशूट दलवालेही पिवळेच. चांगला जाणकार पट्टीची कड बोटाने हळूच उचलून खाली बघतो. जुन्या टाक्यांची भोकं, जुन्या रंगाचा एखादा अडकलेला धागा, पट्टीच्या आकाराचा न विटलेला ठसा. तरी भोकं दिसली म्हणजे लबाडी असंही लगेच म्हणता येत नाही, कारण बढती झाली की खरा ऑफिसरही तोच कोट वापरायचा आणि शिंप्याकडून फक्त पक्षी वाढवून घ्यायचा. म्हणून भोकं बढतीच्या हिशोबात बसतात का हे बघायचं. एक पक्षी होता त्याचे दोन झाले तर ठीक, पण दोनाचा एक झाला तर काहीतरी गडबड आहे.

उजव्या छातीवरचा गरुड हाही असाच तारखेचा पुरावा. उडता गरुड, एका पायात स्वस्तिक धरलेलं, ऑफिसरांना चंदेरी तारेने हाताने भरलेला. १९३५ च्या सुरुवातीच्या नमुन्यात शेपूट खाली झुकलेली, साधारण १९३७ पासून नवा नमुना आला. झुकल्या शेपटीचा गरुड म्हणजे जुना कोट, म्हणून त्याला भाव जास्त, म्हणून त्याच्या नकलाही जास्त. डाव्या छातीवर बिल्ल्यांसाठी धाग्याची छोटी फासं असतात, आणि खऱ्या वापरलेल्या कोटात त्या फासांखालचं कापड बिल्ल्याच्या आकाराने थोडं घासलेलं असतं, वर्षानुवर्षं तिथे पिन लागलेली असते. नुसती ताजी फासं आणि खाली कापड कोरं करकरीत असेल तर बिल्ला कालच लागलाय असं समजायला हरकत नाही.

१९४५ मध्ये जर्मनी हरली आणि या कपड्यांचं आयुष्य दोन वाटांनी गेलं. जर्मनीत नोव्हेंबर १९४५ मध्ये मित्रराष्ट्रांच्या नियंत्रण परिषदेने लष्करी गणवेश आणि चिन्हं वापरायला बंदी केली, पण लोकांकडे अंगावर घालायला दुसरं होतंच काय, मग चिन्हं उसवली, कोट रंगवले, बटणं बदलली आणि तेच घालून ढिगारे उपसले. तसे कोट आजही निघतात, गरुडाच्या जागी भोकांची रांग तेवढी राहिलेली. दुसरी वाट अमेरिकेची. अमेरिकन सैनिकांनी टोप्या, खंजीर, कोट आठवण म्हणून पोस्टाने आणि बॅगेत भरून घरी नेले, अनेकांकडे वरिष्ठाची सही असलेला परवानगीचा कागदही होता. आजच्या बाजाराचा पाया या पेट्यांमध्ये आहे. ते म्हातारे होत गेले तशी घरं रिकामी झाली आणि माल बाहेर आला.

मागणी वाढली तशी नक्कल वाढली, आणि इथे आपल्या उपखंडाचा संबंध येतो. तारेची जरदोजी, बुलियनचं काम, हे आजही हाताने करणारे कारागीर सियालकोटमध्ये आणि भारतातही आहेत, ते जगभरच्या सैन्यांसाठी आणि क्लबांसाठी बिल्ले भरतात. जर्मन गरुडही भरून देतात. कारागिराने ती प्रतिकृती म्हणूनच विकलेली असते, त्याची काही चूक नाही, पुढे तीन हात फिरून ती 'ओरिजिनल' होते. याशिवाय सिनेमा-नाटकांसाठी शिवलेले कोट, आणि युद्धानंतरच्या दोन्ही जर्मन सैन्यांचे कपडे, विशेषतः पूर्व जर्मनीच्या खांद्यावरच्या पट्ट्या, त्या लांबून इतक्या सारख्या दिसतात की विचारू नका.

तपासायला अल्ट्राव्हायोलेट टॉर्च बरेच जण वापरतात. हल्लीच्या धाग्यात कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून रसायन घालतात ते त्या उजेडात निळंपांढरं चमकतं, जुना सुती धागा सहसा मंदच राहतो. पण जुना कोट कोणी नव्या साबणाच्या पावडरने धुतला असेल तर तोही चमकतो, त्यामुळे फक्त टॉर्चवर विसंबून मत देणाऱ्याचं फार मनावर घेऊ नये. पॉलिएस्टरचा धागा मात्र सापडला तर बात खल्लास, कारण पॉलिएस्टरचा शोधच १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये लागला आणि बाजारात तो युद्धानंतर आला. फक्त तो धागा मूळ शिलाईत आहे की नंतरच्या डागडुजीत, एवढं बघायचं.

कायद्याचं म्हणाल तर जर्मनीत दंडसंहितेच्या ८६अ कलमाने स्वस्तिक जाहीरपणे दाखवायला बंदी आहे, इतिहास, शिक्षण, संशोधन अशा कारणांना सूट आहे, म्हणून तिथल्या लिलावाच्या कॅटलॉगमध्ये गरुडाच्या पायातलं चिन्ह झाकलेलं दिसतं. फ्रान्समध्ये २००० साली याहूवर नाझी वस्तूंच्या लिलावावरून खटला झाला, २००१ मध्ये ईबेने अशा वस्तूंच्या विक्रीवर बंदी आणली. ते बरंच झालं असं मला वाटतं, कारण हा कपडा स्पेनमधल्या गेर्निका आणि नेदरलंड्समधल्या रॉटरडॅमवर बॉम्ब टाकणाऱ्या दलाचा आहे, आणि नुसतं 'काय भारी शिवणकाम' म्हणून त्याच्याकडे बघणाऱ्यांची या छंदात कमी नाही. बंदीने व्यवहार थांबला नाही, तो खास डीलर आणि लिलावगृहांकडे सरकला. तिथे आता नुसता कोट फार कोणी विचारत नाही, कोटासोबत त्या ऑफिसरचं सर्व्हिस बुक, फोटो, पत्रं असा सगळा गठ्ठा मागतात. आणि अर्थातच आता तो गठ्ठाही बनवून मिळतो, म्हणून फोटोतल्या कोटाची खिशाची शिलाई आणि हातातल्या कोटाची शिलाई भिंग घेऊन जुळवत बसायचं काम वाढलंय.