कढईतून उडतं ते तेल, उडवतं ते पाणी

सावदा-रावेरकडे कच्च्या केळीचे वेफर्स तळणाऱ्या गाडीपुढे गिऱ्हाईक हमखास म्हणतं, ‘तेल उकळतंय, मागे सरा.’ मागे सरणं योग्यच, पण तेल उकळत नसतं. 170-180 अंशांवर तेल उकळूच शकत नाही. उकळतं ते चकत्यांमधलं पाणी.

खरा धोका येतो मिठाच्या पाण्यातून. वेफर्सना मीठ लागावं म्हणून हे पाणी चकत्या अर्धवट तळल्यावर थेट कढईत सोडतात. 100 मिली पाण्यात जास्तीत जास्त 36 ग्रॅम मीठ विरघळतं आणि ते द्रावण साध्या पाण्याच्या 1.2 पट जड होतं. तेल पाण्याहून हलकं, म्हणून द्रावण सरळ तळाशी जातं. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे 109 अंश आणि भोवतालचं तेल 180 अंशांचं. मग तळाशी एकदम वाफ होते. 1 मिली पाण्याची वाफ सुमारे 1.7 लिटर जागा मागते आणि वरचं तेल उधळते.

मग रोज हे निभतं कसं? चकत्या जोरात फसफसत असतात तेव्हा त्यांची वाफ तेल घुसळत असते. पाणी तळाशी साचण्याआधीच बारीक थेंबांत फुटतं आणि थोडं थोडं उडून जातं. फसफस थांबल्यावर तेल शांत होतं, शिवाय आणखी तापतं. तेव्हा तेवढंच पाणी हातावर-तोंडावर तेल उडवतं. म्हणून पाणी फसफस जोरात असतानाच, लांब दांड्याच्या पळीने, कडेने, चमचा-चमचा सोडावं. कढई निम्मीच भरावी. सोललेली केळी पाण्यात ठेवली असतील तर पुसून घ्यावीत. नव्या पोराच्या हाती मात्र पळी देऊच नये. त्याने वेफर्स काढल्यावर कोरडं बारीक मीठ भुरभुरावं. चव थोडी कमी पडेल, पण चालेल.

किसणीचंही तसंच. चीक लागू नये म्हणून हाताला तेल लावतात आणि त्यामुळेच केळं निसटतं. हात पात्यावर जाऊ नये म्हणून केळ्याचं शेवटचं, दोन बोटं रुंदीचं टोक किसू नये.

60 अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी खोलवर भाजतं; तेल तर तिप्पट तापलेलं, वर चिकटून राहणारं. भाजल्याबरोबर अंगठी, कडं, घड्याळ काढावं आणि 20 मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली भाग धरावा. गाडीवर नळ नसतो, म्हणून भरलेला पिंप आणि तांब्या हाताशी हवा. टूथपेस्ट, शाई, हळद, बर्फ काही लावू नये. ‘भाजलेलं मंत्राने उतरवतो’ म्हणणाऱ्याकडे नेण्यात हीच पहिली वीस मिनिटं वाया जातात. फोड फोडू नयेत, स्वच्छ सुती कापडाने झाकून दवाखाना गाठावा.

कढईनेच पेट घेतला तर पाणी अजिबात नको. गॅस बंद करून, कढईला पुरेल असं पत्र्याचं झाकण कडेने सरकवावं आणि तेल थंड होईपर्यंत उघडू नये.