गद्यकविता म्हणजे मुक्तछंद नव्हे

भाचीचा एमएचा अभ्यास चाललाय, परवा सांगलीला घरी आली तेव्हा म्हणाली, मामा, गद्यकविता म्हणजे मुक्तछंदच ना, यमक नाही वृत्त नाही की झालं. नाही गं बाई. हा घोळ बऱ्याच जणांचा होतो आणि मग अर्थ लावताना भलतंच शोधत बसतात.

मुक्तछंदात वृत्त सुटतं, ओळ सुटत नाही. कवी अनिलांनी तो मराठीत रुजवला, त्यात लय आहेच आणि ओळ कुठं तोडायची ते कवीच ठरवतो. गद्यकवितेत ओळच नसते, सरळ परिच्छेद, पार कागदाच्या कडेपर्यंत. फ्रेंच कवी बोदलेरच्या गद्यकविता तो गेल्यावर १८६९ मध्ये पुस्तकात आल्या आणि हा प्रकार नावारूपाला आला. आपल्याला तो परका वाटायचं कारण नाही, जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीनं काव्याचे गद्य, पद्य आणि मिश्र असे तीन प्रकार केव्हाच सांगितलेत.

भाचीला २०१९च्या पुरावर थोडं लिहून दाखवलं. आधी अशी:

पूर ओसरला
भिंतीवर
रेघ राहिली

इथं 'भिंतीवर' एकटा पडतो, नजर थांबते, पुढं काय म्हणून जीव अडकतो. हे काम ओळ तोडण्यानं केलं. आता हेच गद्यात, थोडं पुढं नेऊन:

पूर ओसरला. भिंतीवर रेघ राहिली. आई दरवर्षी रंग द्यायला घेते, रेघेपाशी आली की हात थांबतो, म्हणते राहू दे, आणि आम्ही तिच्याखालीच जेवतो, तिच्याखालीच झोपतो, पाहुणा आला की म्हणतो बसा ना, पाणी इथपर्यंत होतं.

आता थांबायला जागा नाही. दोन तुटक वाक्यं आणि मग एक लांबलचक, स्वल्पविरामावर स्वल्पविराम, पाणी चढतं तसं चढत जाणारं. 'बसा ना' आणि 'पाणी' एका दमात येतात म्हणून कळतं की हे घर अजून पाण्याखालीच राहतंय. तसं कुठं लिहिलेलं नाही, ते वाक्याच्या बांधणीतनं येतं, आणि मला गद्यकवितेत हेच फार आवडतं.

म्हणून गद्यकविता वाचताना पूर्णविराम कुठं पडलाय, वाक्य कुठं लांबलंय, कुठला शब्द परत आलाय ते बघायचं. ललित लेखातही सुंदर वाक्यं असतात, पण तिथं लेखक विषय उलगडून सांगतो, इथं रेघ दाखवून गप्प बसतो.

भाचीनं ते लांब वाक्य मोठ्यानं वाचलं, 'राहू दे'पाशी आवाज आपोआप खाली आला.