द ड्रेडेड बॅटर पुडिंग हर्लर (ऑफ बेक्सहिल-ऑन-सी)

बीबीसीच्या ‘द गून शो’ या विनोदी नभोनाट्यमालिकेतील एक भाग. ‘बेक्सहिलचा भयंकर पुडिंगफेक्या’ असा त्याच्या नावाचा मराठी अर्थ करता येईल. पाचव्या पर्वातील हा तिसरा भाग बीबीसी होम सर्व्हिसवरून १२ ऑक्टोबर १९५४ रोजी प्रथम प्रसारित झाला. लेखन स्पाइक मिलिगन यांचे आणि निर्मिती पीटर ईटन यांची. मिलिगन, पीटर सेलर्स आणि हॅरी सीकम हे तिघे आवाज बदलून सर्व प्रमुख पात्रे उभी करतात. निवेदन वॉलेस ग्रीनस्लेड यांचे आहे. या मालिकेचा ठरलेला साचा असा, की कथेच्या अधेमधे गाणे-बजावणे येई. ते रे एलिंग्टन यांच्या चमूकडे आणि हार्मोनिकावादक मॅक्स गेल्ड्रे यांच्याकडे असे.

बॅटर पुडिंग म्हणजे मैदा, अंडी आणि दूध यांचे धिरड्याच्या पिठाइतके सैल मिश्रण कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून भट्टीत फुलवलेला पदार्थ. यॉर्कशर पुडिंग हा त्याचाच प्रसिद्ध प्रकार. इंग्रजांच्या रविवारच्या जेवणात भाजलेल्या गोमांसासोबत तो असतोच. इतका घरगुती, निरुपद्रवी पदार्थ या कथेत शस्त्र झाला आहे.

काळ १९४१. इंग्लिश खाडीच्या काठावरचे बेक्सहिल हे ससेक्समधील गाव. पलीकडच्या फ्रान्समध्ये जर्मन सैन्य बसले आहे आणि अलीकडे दिवेबंदी आहे. किनाऱ्यावरची गावे ओस पडली होती, फक्त त्यांत माणसे होती, अशा अर्थाच्या वाक्याने निवेदक सुरुवात करतो आणि ऐकणारा तिथेच सावध होतो. हेन्री क्रन आणि मिनी बॅनिस्टर हे म्हातारे जोडपे अंधारात फेरफटका मारत असताना मिनीबाईंवर कुठून तरी पुडिंग येऊन आदळते. तपास मालिकेचा नायक नेडी सीगून याच्याकडे येतो. पुढे पुडिंगांचा मारा चालूच राहतो. एका पुडिंगात लष्करी बूट सापडतो, म्हणून संशय सैन्यावर जातो आणि माग काढत कथा उत्तर आफ्रिकेपर्यंत पोचते.

दिवेबंदीचा प्रसंग हा या भागाचा गाभा. एवढीशी काडी ओढली तर समुद्रापलीकडून कुणाला दिसणार आहे, असे म्हणत क्रन काडी ओढतो. तोफगोळा सूं करत येतो आणि स्फोट होतो. काही शंका, असे विचारल्यावर माझे पाय कुठे आहेत, ही त्याची शंका. मग तोडगा निघतो तो जर्मन बनावटीच्या काड्यांचा. आपल्याच काड्यांवर जर्मन कसे तोफ डागतील? काडी ओढली जाते, पुन्हा स्फोट होतो. या वेळी गोळा ब्रिटिशांचा असतो. हा तर्क ज्या सरळपणे आपले पाऊल पुढे टाकतो, त्यात मिलिगन यांची सारी ताकद दिसते. त्यांचा विनोद शब्दांच्या कोटीवर कमी आणि वेड्या गृहीतकाला शेवटपर्यंत प्रामाणिक राहण्यावर जास्त उभा असतो.

शेवटी सीगून आणि पुडिंगफेक्या मोरिआर्टी समुद्रात एका होडीत अडकतात. अन्न संपलेले. उरले आहे ते एकच पुडिंग, आणि तोच मोरिआर्टीविरुद्धचा एकमेव पुरावा. खावे तर गुन्हेगार सुटतो, न खावे तर जीव जातो. हा पेच तसाच ठेवून, सुखान्त हवा असणाऱ्यांसाठी म्हणून मधुर संगीतावर लग्नाची मागणी घातली जाते. ती स्वीकारणारा आवाज मालिकेतला लष्करी साहेब मेजर ब्लडनॉक याचा असतो.

हा सगळा गोंधळ हवेतून आलेला नाही. रॉयल आर्टिलरीच्या ५६व्या हेवी रेजिमेंटमध्ये तोफची म्हणून भरती झालेले मिलिगन युद्धाच्या पहिल्या वर्षांत बेक्सहिललाच तैनात होते. किनाऱ्यावरचा अंधार आणि न येणाऱ्या शत्रूची रोजची वाट त्यांनी तिथे अनुभवली. जानेवारी १९४३ मध्ये त्यांची रेजिमेंट जहाजाने अल्जिअर्सला गेली. नाट्यातला तपास नेमकी तीच वाट धरतो. सीकमही तोफखान्यातलेच. उत्तर आफ्रिकेत मिलिगन यांच्या तुकडीची एक तोफ कड्यावरून घसरून सीकम यांच्या जवळ कोसळली आणि वरून कुणीतरी तोफ पाहिलीत का असे विचारले, ही त्यांच्या भेटीची कथा दोघेही सांगत. पुढे १९४४ मध्ये इटलीत मिलिगन जखमी झाले आणि त्या धक्क्याने त्यांच्या मनावर कायमचा घाव केला. तोफगोळ्याच्या सूं आवाजावर श्रोत्यांना हसवणारा लेखक तो आवाज कशाचा असतो हे पुरेपूर जाणून होता, हे लक्षात ठेवून हा भाग ऐकला पाहिजे.

प्रसारणाची वेळही बोलकी आहे. ब्रिटनमधले युद्धकालीन रेशनिंग पूर्णपणे उठले ते ४ जुलै १९५४ रोजी, म्हणजे या भागाच्या जेमतेम तीन महिने आधी. त्यापूर्वीची चौदा वर्षे अंडी, साखर, लोणी, मांस यांचा हिशेब ठेवत काढलेल्या श्रोत्यांना रात्रीमागून रात्री पुडिंगे भिरकावणारा माणूस खरोखरच भयंकर वाटला असेल.

गून शोमध्ये ध्वनी हे सजावटीचे काम करत नाहीत, ते प्रसंग घडवतात. पचकन आपटल्याचा आवाज मिळावा म्हणून मिलिगन यांनी बीबीसीच्या कँटीनमधून कस्टर्ड करवून घेतले, ते मोज्यात भरले आणि मोजा गरगर फिरवून लाकडी फळीवर हाणला, असा किस्सा प्रसिद्ध आहे. मनासारखा आवाज मात्र तरीही आला नाही म्हणतात. एका ‘थप्प’साठी इतका हट्ट धरणाऱ्या या मंडळींमुळे बीबीसीच्या ध्वनितंत्राला नव्या वाटा शोधाव्या लागल्या.

महाराष्ट्राशी या लेखकाचे नाते जन्माचे आहे. वडील ब्रिटिश लष्करात असल्याने मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) झाला. बालपणाची काही वर्षे पुण्याच्या लष्कर भागात गेली, तिथल्याच कॉन्व्हेंट शाळेत ते शिकले. पुढे रंगून आणि मग १९३३ मध्ये इंग्लंड. सेलर्सही युद्धकाळात हवाईदलाच्या करमणूक पथकाबरोबर हिंदुस्थानात फिरले होते. छावणीतल्या बढाईखोर, पैसेखाऊ साहेबाचा नमुना असलेला ब्लडनॉक या दोघांच्या ओळखीच्या जगातून आला आहे. मालिकेच्या इतर भागांत लालकाका आणि बॅनर्जी ही जोडी येते, हिंदुस्तानी शब्दही मध्येच कानावर पडतात. त्या भारतीय पात्रांचे हेल आज काही ठिकाणी खटकतात, आणि ते खटकणे रास्तच आहे.

‘गून शो’ २८ मे १९५१ रोजी ‘क्रेझी पीपल’ या नावाने सुरू झाला आणि २८ जानेवारी १९६० रोजी संपला. सुरुवातीच्या पर्वांची ध्वनिमुद्रणे बरीचशी नष्ट झाली. पाचव्या पर्वापासूनचे बहुतेक भाग मात्र टिकले, कारण परदेशी नभोवाणी केंद्रांना पुरवण्यासाठी बीबीसीने त्यांच्या तबकड्या काढल्या होत्या. पुडिंगफेक्या त्यांतच वाचला. त्याची संहिता १९७२ मध्ये निघालेल्या निवडक संहितांच्या पुस्तकात छापली आहे. ती आधी वाचू नये. ऐकून झाल्यावर वाचली, तर कोणता हशा शब्दाचा होता आणि कोणता निव्वळ आवाजाचा, ते उलगडते.