पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि टीबी

ऑगस्ट २०१९मध्ये झारखंडच्या चार जिल्ह्यांत एक मोठा अभ्यास सुरू झाला. फुफ्फुसाचा टीबी झालेले २८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली दहा हजारांहून अधिक माणसं त्यात होती. रुग्णांना औषधांसोबत सगळीकडेच शिधा मिळाला. फरक ठेवला तो घरच्यांच्या बाबतीत. निम्म्या घरांत मोठ्या माणसाला माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. उरलेल्या घरांतली माणसं नेहमीचंच जेवत राहिली. जुलै २०२२पर्यंत दोन्हींकडे लक्ष ठेवलं गेलं.

शिधा न मिळालेल्या ४७२४ जणांपैकी १२२ जणांना टीबी झाला, शिधा मिळालेल्या ५६२१ जणांपैकी ९६ जणांना. सगळा हिशेब करता नवा टीबी ३९ टक्क्यांनी घटला, आणि थुंकीच्या तपासणीत जंतू सापडणारा, म्हणजे पुढे पसरणारा फुफ्फुसाचा टीबी जवळपास निम्म्यावर आला. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखालचं हे काम ऑगस्ट २०२३मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. तेव्हाच्या भावाने एका माणसाच्या शिध्याला महिन्याला तीनशे रुपयांच्या आसपास खर्च आला. औषधाच्या दुकानात ‘इम्युनिटी’ असं छापलेली एखादी बाटली याहून महाग पडते.

प्रतिकारशक्ती आणि आहार हा विषय निघाला की मला आधी हा अभ्यास आठवतो. एवढा ठोस पुरावा बाजारातल्या एकाही बाटलीपाशी नाही.

डाळभाताने हे कसं साधलं, ते समजून घेण्यासारखं आहे. टीबीचा जंतू शरीरात शिरला म्हणजे आजार झालाच, असं नसतं. फुफ्फुसातल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, भोवती आणखी पेशी गोळा होतात आणि एक गाठ तयार होते. जंतू त्या गाठीत कोंडलेला राहतो, पुष्कळदा आयुष्यभर. संसर्ग झालेल्या दहापैकी नऊ जण कधीच आजारी पडत नाहीत. पण हा पहारा फुकट होत नाही. गाठ टिकवायला टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) लागतात, त्या सतत रासायनिक इशारे सोडत असतात, आणि हे इशारे म्हणजे प्रथिनंच. पेशी नव्याने बनवायच्या तर प्रथिनं हवीत, ऊर्जा हवी, जस्त हवं, लोह हवं.

या टी-पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस नावाच्या ग्रंथीत तयार होतात. तीव्र कुपोषित मुलांमध्ये ही ग्रंथी अक्षरशः आक्रसते. बोलिव्हियातल्या डॉक्टरांनी अशा मुलांच्या थायमसची सोनोग्राफी करून पाहिली. चांगल्या आहारावर मुलांचं वजन महिन्याभरात सावरलं, थायमसला मात्र दोन महिने लागले. गाल भरले म्हणून मूल सुरक्षित झालं असं मानून त्याला घरी पाठवायची घाई का करू नये, ते यातून कळतं. चरबीचंही काम आहेच. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात आणि टी-पेशी त्यावर चालतात. उपासमारीत लेप्टिन झपाट्याने घसरतं आणि पहारा ढिला पडतो. गाठीत कोंडलेल्या जंतूला तेवढी संधी पुरते.

झारखंडच्या त्या रुग्णांचं सरासरी वजन पुरुषांचं ४२-४३ किलो होतं आणि बायकांचं ३६. छत्तीस किलो ही आपल्याकडे अकरा-बारा वर्षांच्या मुलीच्या वजनाची गोष्ट आहे. मोठी, शेतावर राबणारी बाई त्या वजनाची असेल तर तिच्या प्रतिकारशक्तीविषयी वेगळं काय सांगायचं! या रुग्णांत ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला.

आता कुणी म्हणेल, त्या शिध्यात जीवनसत्त्वांच्या गोळ्याही होत्या, कदाचित कमाल त्यांचीच असेल. शंका रास्त आहे, आणि या एका अभ्यासातून दोन्हींचं श्रेय वेगळं काढता येत नाही. पण मंगोलियातला एक प्रयोग इथे मदतीला येतो. उलानबातरमधल्या ८८५१ शाळकरी मुलांना तीन वर्षं दर आठवड्याला ड जीवनसत्त्वाचा १४,००० युनिटचा डोस किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली. यातल्या बहुतेक सगळ्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी होतं, म्हणजे गोळीचा उपयोग व्हायचा असता तर इथेच झाला असता. रक्तातली पातळी चांगली वाढली. टीबीचा संसर्ग मात्र दोन्ही गटांत सारखाच राहिला. २०२०मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

क जीवनसत्त्वाची गत याहून फार वेगळी नाही. दोन नोबेल पारितोषिकं मिळवणारे लायनस पॉलिंग यांनी १९७०मध्ये सर्दीवर क जीवनसत्त्वाचा जोरदार पुरस्कार केला आणि जगभर गोळ्या खपू लागल्या. पुढे झालेल्या डझनावारी प्रयोगांचा एकत्रित हिशेब सांगतो की, रोज गोळी घेणाऱ्या सामान्य माणसाला सर्दी काही कमी वेळा होत नाही. झालीच तर मोठ्यांमध्ये ती सुमारे ८ टक्के लवकर बरी होते, म्हणजे आठवड्याच्या सर्दीत जेमतेम अर्धा दिवस.

याचा अर्थ पूरक गोळ्या निरुपयोगी, असा मुळीच नाही. कमतरता खरी असेल तिथे त्या जीव वाचवतात. इंडोनेशियातल्या आचे प्रांतात अ जीवनसत्त्वाच्या डोसांनी लहान मुलांचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटल्याचं १९८६मध्ये दिसलं. आपल्या अंगणवाडीत नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी जो डोस पाजतात, त्यामागे अशाच अभ्यासांचा आधार आहे. मुलाला जुलाब लागले की ओआरएससोबत १४ दिवस जस्ताची गोळी देतात, तीही अशीच. पण भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतलं की ते सांडतंच, आणि कधीकधी नुकसानही करतं. जास्तीचं जस्त महिनोन्‌महिने घेतलं तर शरीरात तांब्याची कमतरता होते. ड जीवनसत्त्वाचा अतिरेक रक्तातलं कॅल्शियम वाढवून मूत्रपिंडांवर उठतो. करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा पोटभर पिणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं. ती वनस्पती गुळवेलच होती का, यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, पण पुढे इतर शहरांतूनही तशाच नोंदी आल्या. झाडपाल्याचं आहे म्हणून निर्धोक, हे गृहीत धरू नये.

‘भरपूर खा’ हाही सरसकट सल्ला नव्हे. मधुमेह असलेल्यांना टीबीचा धोका दुपटी-तिपटीने जास्त असतो. झारखंडचा निष्कर्ष हा आधीच खंगलेल्या माणसांचा आहे. मात्र अशी माणसं शहरांतल्या सुस्थितीतल्या घरांतही असतात. दात गेल्यामुळे चहात बुडवलेल्या खारीवर आणि मऊ भातावर दिवस काढणारी आजी बघा. तिच्या ताटात वरण पातळ असतं आणि प्रथिनं त्याहून पातळ. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. पंचेचाळीस किलोच्या आजीला म्हणजे ३७ ग्रॅम. घट्ट वरण, मुगाचं धिरडं, वाटीभर दही, चालत असेल तर एक अंडं, एवढं दिवसभरात नीट बसवलं तर ते जमतं. तिच्यासाठी टॉनिक आणण्याआधी घरातल्यांनी आठवडाभर तिचं ताट बघावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि घरात कुणाला टीबी झालाच असेल, तर रुग्णाचं वजन पहिल्या दिवशी आणि नंतर दर महिन्याला नोंदवायला लावा. सरकारच्या निक्षय पोषण योजनेत उपचार सुरू असेपर्यंत आहारासाठी पैसे रुग्णाच्या खात्यात जमा होतात. पूर्वी ही रक्कम महिन्याला ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४पासून ती १००० झाली. ‘निक्षय मित्र’ म्हणून नोंदणी केलेल्या व्यक्ती आणि संस्थांकडून मिळणारा शिधा आता रुग्णाच्या घरच्यांनाही देता येतो. तो मिळेल का, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात स्वतःहून विचारा.